दामाजीपंतांची पावती

कथा एकदा लोकांच्या तोंडी गेली की ती सांगणाऱ्याच्या मालकीची राहत नाही. कीर्तनकार तिचे आख्यान करतो, शाहीर ती डफावर घेतो, नाटककार तिचे अंक पाडतो आणि चित्रपटकार तिला पडद्यावर आणतो. अशा प्रत्येक स्थलांतरात कथेचे काही गळते, काही नव्याने तिला चिकटते. पुष्कळदा हा बदल सोयीसाठी होतो, क्वचित सौंदर्यासाठी होतो. परंतु कधी कधी त्या बदलाच्या पोटात समाजाचा एखादा मोठा वाद दडलेला असतो. बीदर आणि कलबुर्गी या दोन जुन्या राजधान्यांच्या मुलखाशी जडलेली दामाजीपंतांची कथा ही या शेवटच्या प्रकारातली आहे.

कथा मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मंगळवेढे हे बीदरच्या बादशाहीतले ठाणे. दामाजीपंत तेथील अंमलदार. मोठा दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, आणि पंतांनी बादशहाच्या धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली. हाताखालच्या मुजुमदाराने बीदरला चुगली लिहून धाडली. पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. वाटेत पंढरपूर लागले तेव्हा पंतांनी विठ्ठलाचे अखेरचे दर्शन घेतले. इकडे त्याच सुमारास एक महार बीदरच्या दरबारात हजर झाला. आपण मंगळवेढ्याचे विठू महार, पंतांनी धान्याचे पैसे पाठविले आहेत, एवढे सांगून त्याने मोहरा ओतल्या, रीतसर पावती मागून घेतली आणि तो दिसेनासा झाला. ती पावती पुढे पंतांना आपल्या पोथीत सापडली. बादशहा पुन्हा पुन्हा त्या महाराला पाहण्याचा हट्ट धरू लागला आणि पंतांनी चाकरीचा राजीनामा दिला.

या कथेत इतिहास किती, हा प्रश्न सहज पुढे येतो. लोकांत ही कथा दुर्गादेवीच्या दुष्काळाशी जोडून सांगण्याची वहिवाट आहे. दक्षिणेतील तो महाभयंकर दुष्काळ परंपरेने इ. स. १३९६ पासून सुमारे बारा वर्षांचा मानला जातो. पण एवढे मान्य केले की एक अडचण उभी राहते. अलाउद्दीन हसन याने १३४७ साली बहामनी राज्य स्थापिले, आणि लवकरच गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही त्या राज्याची राजधानी झाली. दुर्गादेवीच्या दुष्काळाची बहुतेक वर्षे फिरोजशहाच्या कारकिर्दीत, १३९७ ते १४२२ या काळात, मोडतात आणि फिरोजशहाचा दरबार गुलबर्ग्यास भरत असे. राजधानी बीदरला हलविली ती त्याचा भाऊ अहमदशहा वली याने, १४२२ नंतरच्या दहा वर्षांत. तेव्हा दुष्काळ दुर्गादेवीचा असेल तर विठू महाराची वाट बीदरकडे नव्हे, गुलबर्ग्याकडे जायला हवी.

दुसरी परंपरा अशी की, १४६० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळालाच ‘दामाजीपंतांचा दुष्काळ’ हे नाव होते. इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी हीच परंपरा नमूद केली आहे. ती स्वीकारली तर राजधानीचा मेळ बसतो. पण तेव्हा बीदरच्या तख्तावर हुमायूनशहा होता. १४५८ ते १४६१ या आपल्या अल्प कारकिर्दीत त्याने ‘जालीम’ हे विशेषण मिळविले, आणि मरणानंतरही ते त्याला सोडून गेले नाही. अपराधी अंमलदाराला मिठी मारणारा, महाराच्या दर्शनासाठी तळमळणारा बादशहा म्हणून त्याची कल्पना करणे फारसीत लिहिणाऱ्या बखरकारांनाही जड गेले असते. त्यानंतर तिसऱ्या महंमदशहाच्या वेळी, महमूद गवान वजीर असताना, १४७० नंतरच्या दशकात पुन्हा मोठे अवर्षण झाले. गवानाचा मदरसा बीदरमध्ये १४७२ साली उभा राहिला आणि १४८१ साली त्या कर्तबगार वजिराचा खोट्या पत्राच्या आधाराने वध झाला. बीदरच्या दरबारात चुगलीच्या पत्राला किती किंमत होती, हे त्यावरून दिसते. परंतु तेवढ्यावरून दामाजीपंतांना या काळात बसविणे हाही तर्कच होय.

मग कथेत बीदरच का टिकले? याचे उत्तर कथा लिहिली गेली त्या काळात शोधावे लागते. औरंगाबादचे अमृतराय यांचा ‘दामाजीपंताची रसद’ हा कटाव अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. ताहराबादच्या महिपतींचा ‘भक्तविजय’ शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, पूर्ण झाला. या दोघांच्या वेळी बहामनी राज्य जाऊन दोन शतके उलटली होती. त्यामागून आलेली बरीदशाहीसुद्धा १६१९ साली विजापूरकरांनी बुडविली होती. लोकांच्या आठवणीत गुलबर्ग्याचा फिरोज, बीदरचा अहमद, जालीम हुमायून ही निरनिराळी माणसे उरली नव्हती. त्या सर्वांचा मिळून ‘बेदरचा बादशहा’ असा एकच पुरुष झाला होता. संतचरित्रकारांना तेवढाच हवा होता.

हा पुरुष गरजेप्रमाणे रूप बदलतो, हे त्याच मंगळवेढ्याच्या दुसऱ्या कथेवरून कळते. कान्होपात्रेच्या सौंदर्याची कीर्ती ऐकून तिला उचलून आणायला शिपाई पाठविणाराही बेदरचा बादशहाच. दामाजीच्या कथेत तो पश्चात्तापाने विरघळतो. कान्होपात्रेच्या कथेत तो विठ्ठलाच्या पायांवर तिचा प्राण जाण्यास कारण होतो. नारायण विनायक कुलकर्णी यांचे ‘संत कान्होपात्रा’ हे नाटक १९३१ साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांनी ती भूमिका घराघरांत पोचविली; तेव्हापासून अनेकांच्या डोळ्यांपुढे बीदरचा बादशहा म्हणून हेच रूप राहिले. खुद्द बीदरजवळ मात्र आठवण निराळीच आहे. अष्टूर येथील अहमदशहा वलीच्या कबरीचा उरूस हिंदू पंचांगाच्या मानाने भरतो, कलबुर्गी जिल्ह्यातून एक जंगम आपल्या परिवारासह तेथे येतो, आणि लिंगायत भाविक त्या सुलतानाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. एकाच गादीवरच्या राजाची एका सीमेवर जुलमी, दुसऱ्या सीमेवर अनुतापी आणि घरच्या अंगणात सिद्धपुरुष अशी तीन रूपे झाली. सीमाभागात मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा जशा एका ओसरीवर नांदतात, तशीच ही रूपेही नांदत आली आहेत.

आता कथेच्या माध्यमांकडे वळावे. कटाव ही धावती, अनुप्रासांनी खणखणणारी रचना. कीर्तनाच्या उत्तररंगात ती म्हटली म्हणजे श्रोते मोहरांचा आवाज ऐकत. ओवी संथ, ती घरात, देवळात, पोथीपुढे बसून वाचायची. पहिलीत दरबारातला चमत्कार डोळ्यांपुढे उभा राहतो, दुसरीत पंतांच्या मनाची घालमेल ऐकायला अवसर मिळतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२२ साली दामाजीवर मूकपट काढला, तेव्हा शब्दांचा आधारच सुटला. विठूचा जोहार आता ऐकू येणार नव्हता, पाटीवर वाचावा लागणार होता. त्याच्या अंगावरचे कपडे, काठी, चालण्याची लकब यांनाच सर्व बोलावे लागणार होते. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई अशा माणसाच्या वेषात देव प्रत्यक्ष दिसणे ही गोष्ट ऐकण्यापेक्षा पाहण्यात अधिक धक्का देणारी होती.

चित्रपटाच्या आगमनाबरोबर कथेच्या फेरबदलाला एक नवी वाट मिळाली. कीर्तनात पाठ बदलला तरी जुना पाठ दुसऱ्या कीर्तनकाराच्या तोंडी राही. चित्रपटात मात्र तीच वस्तू दुरुस्त करून पुन्हा लोकांपुढे आणता येऊ लागली. दादासाहेब फाळके यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ साली मूकपट म्हणून तयार झाला. तोवर बोलपट आला होता, म्हणून त्याला मागाहून आवाज जोडून तो १९३४ साली दाखविला गेला. पेंटरांनी आपला १९२५ चा ‘सावकारी पाश’ १९३६ साली बोलपट म्हणून नव्याने काढला. काळाबरोबर राहण्यासाठी केलेले हे बदल होते, आणि प्रेक्षकांनी त्याविषयी तक्रार केल्याचे कोणाला स्मरत नाही.

परदेशात या गोष्टीने पुढे फार मोठे रूप घेतले. अमेरिकेत जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा ताऱ्यांच्या जगातील अद्भुत युद्धाचा चित्रपट १९७७ साली आला. १९८१ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या आरंभी हा मालिकेतील चौथा भाग असल्याचे नवे शीर्षक जोडलेले होते; म्हणजे पहिला चित्रपट एका रात्रीत चौथा झाला. दरम्यान ही कथा चित्रपटगृहाबाहेरही पडली होती. मालिकेतील दुसऱ्या चित्रपटावरचा घरगुती व्हिडिओ गेम १९८२ साली निघाला आणि १९८३ साली अटारी कंपनीने पहिल्या चित्रपटावरून नाणे टाकून खेळायचे यंत्र बाजारात आणले. त्यात खेळणारा स्वतःच विमानात बसतो आणि शत्रूचा गोल उडवितो. नेम चुकला तर नायकाचा पराभवही होतो. पाहणाऱ्याला कथेत हात घालण्याची मुभा मिळाली, ती अशी.

खरे वादळ उठले ते १९९७ साली. विसाव्या वर्षाच्या निमित्ताने ल्यूकस यांनी जुन्या तिन्ही चित्रपटांत नवी दृश्ये घालून ते पुन्हा पडद्यावर आणले. मूळच्या एका प्रसंगात नायकाचा सोबती हान सोलो हा आपल्यावर पिस्तूल रोखणाऱ्या ग्रीडोला आधीच गोळी घालून ठार करतो. नव्या आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि सोलो प्रत्युत्तर देतो. बदल क्षणभराचा, पण त्याने एका मतलबी माणसाला सज्जन केले, आणि पुढे त्याच्या मनात होणाऱ्या पालटाची किंमत कमी केली, असे प्रेक्षकांना वाटले. कर्त्याला आपली कृती सुधारण्याचा अधिकार आहे, हे ल्यूकस यांचे म्हणणे. आणि जी आम्ही पाहिली, जिच्यावर आम्ही वाढलो, ती कृती आमच्यापासून काढून घेऊ नका, हे प्रेक्षकांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि त्या वादात पणाला लागले होते ते एका काल्पनिक पात्राचे शील. दामाजीच्या कथेच्या पाठांत जिवंत माणसांचे पोट आणि प्रतिष्ठा पणाला लागली होती.

हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. विठ्ठलाने महाराचाच वेष का घेतला? भक्तासाठी देव कोणत्याही थराला जातो, असे उत्तर कीर्तनात मिळते. पण व्यवहाराचे उत्तर अधिक साधे आहे. गावचा वसूल सरकारी खजिन्यात नेऊन पोचविणे हे जुन्या गावगाड्यात महाराचे कामच होते. रात्रीबेरात्री, जंगलातून, डोक्यावर दुसऱ्याचे द्रव्य घेऊन तो जाई आणि पावती आणून पाटील-कुळकर्ण्यांच्या हाती देई. म्हणून दरबारात महार पैसे घेऊन आला याचे आश्चर्य कोणाला वाटले नाही. आश्चर्य वाटले ते रकमेचे आणि त्याच्या तेजाचे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तर मागे उरते ती एका समाजाच्या प्रामाणिकपणाची सर्वमान्य साक्ष. ज्याला देवळाच्या पायरीवर जागा नव्हती, त्याच्या हाती अख्खे राज्य आपला पैसा निःशंकपणे देत होते.

मंगळवेढे हे गावही या संदर्भात साधे नाही. चोखामेळ्यांचे वास्तव्य येथलेच. गावकुसाच्या कामावर असताना कूस कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरच्या महाद्वारासमोर ठेविल्या, असे परंपरा सांगते. ज्या गावच्या महार संताला मरणानंतरही महाद्वाराबाहेरच राहावे लागले, त्याच गावच्या दुसऱ्या कथेत पुढे विठ्ठल स्वतः महार होऊन बादशहापुढे जोहार घालतो. पहिल्या गोष्टीची बोच दुसरीत उतरली असेल, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु ती बोच श्रोत्यांना किती जाणवली? देव महार झाला हे ऐकून पिढ्यान् पिढ्या माणसे गहिवरत राहिली, आणि महारांसाठी पंढरपूरचे दार मात्र बंदच राहिले. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

महार समाजाने बीदरच्या दरबाराची आपली स्वतःची कथा जपली होती. तिच्यात देव नाही. तिचा नायक अमृतनाक. बादशहाच्या बेगमेवर संकट आले तेव्हा जिवावर उदार होऊन तो तिला सुखरूप परत घेऊन आला. त्याच्या वर्तनाविषयी शंका घेतली जाईल, हे ओळखून त्याने निघण्यापूर्वीच एक बंद डबी बादशहाच्या स्वाधीन केली होती. ती उघडताच, निष्कलंक राहावे म्हणून त्याने आपल्या देहाचा केवढा त्याग केला होता, हे दरबाराला कळले. बादशहाने ‘माग’ म्हटले, तेव्हा त्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागितले. या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत दरबार एकच, बादशहा एकच, दरबारात उभा राहणारा महार. दोन्हींत निष्ठेचा पुरावा, एकीत पावती, दुसरीत डबी. पण पहिल्या कथेतला महार मुळात देव असतो, म्हणून थोर ठरतो. दुसऱ्या कथेतला महार माणूसच असतो आणि माणूस म्हणूनच थोर ठरतो. पहिलीत महार देऊन जातो आणि नाहीसा होतो. दुसरीत तो मिळवून आणतो आणि त्याची वंशावळ गावोगाव नांदते.

बावन्न हक्कांची ही आठवण नुसत्या करमणुकीची नव्हती. सुगीत धान्याचा वाटा, घरोघरची भाकर, मेलेल्या जनावरावरचा अधिकार, असे ते हक्क गावाशी भांडताना पुढे केले जात, आणि ‘बेदरच्या बादशहाने दिले’ हीच त्यांची सनद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यतेच्या मुळाविषयीच्या १९४८ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या परंपरेची नोंद घेतली आहे. पण त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी सनदेचा अर्थच तपासला. हे हक्क म्हणजे वेठीची दुसरी बाजू आहे. भाकरीच्या तुकड्याच्या मोबदल्यात पिढ्यान् पिढ्या गावाची आणि सरकारची चाकरी महाराच्या माथी बसली आहे, हे त्यांनी आपल्या समाजाला स्पष्टपणे सांगितले. महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले. ही वतने कायद्याने बंद झाली ती १९५८ सालच्या कायद्यानंतर, म्हणजे बाबासाहेबांच्या निधनानंतर. बीदरच्या दरबारात मिळाली म्हणून सांगितलेली देणगी, देणगी नसून बेडी होती, हा या कथेचा सर्वांत नवा आणि सर्वांत धीट पाठ म्हटला पाहिजे. त्यात प्रसंग एकही बदललेला नाही. बदलला तो फक्त पाहण्याचा कोन.

येथे ल्यूकस आणि त्यांच्या प्रेक्षकांचा वाद पुन्हा आठवतो. कथेला नवे रूप देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. अमृतरायांनी दिले, महिपतींनी दिले, पेंटरांनी दिले. उद्या एखादा तरुण दामाजीवर खेळ तयार करील आणि त्यात कोठार उघडायचे की मिटून ठेवायचे, हा निर्णय खेळणाऱ्या मुलाच्या बोटाखाली येईल. त्यात वाईट काही नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका अंमलदारापुढचा पेच त्या मुलाला कदाचित पोथीपेक्षाही लवकर कळेल. दोष घडतो तो नव्या पाठाने जुना पाठ पुसून टाकला म्हणजे. विठू महाराची कथा पडद्यावर उजळली आणि अमृतनाकाची विसरली गेली, तर हानी इतिहासाची होते. दुर्गादेवीचा दुष्काळ सांगून १४६० चा विसरला गेला, तरी हानी इतिहासाचीच.

आज मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात आहे. बीदर आणि कलबुर्गी कर्नाटकात. १९५६ साली हैदराबाद संस्थानचा मुलूख वाटला गेला तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले, भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे राहिले. दामाजीला पकडून नेण्याच्या वाटेवर आता राज्याची सीमा लागते. मात्र मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पिकते; तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील सहकारी साखर कारखान्याने दामाजीचेच नाव घेतले आहे. भुकेल्यासाठी उघडलेल्या कोठाराची आठवण त्या मातीने टाकलेली नाही.

बीदरच्या दरबारातून विठू महाराने नेलेली पावती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. अमृतनाकाची डबीही सापडणार नाही. परंतु कटाव, ओव्या, मूकपट, लोककथा आणि कायदेमंडळातील विधेयक हे सारे त्या त्या काळाने लिहून ठेवलेले दाखले आहेत. प्रत्येकावर त्या त्या काळाची तारीख आहे आणि प्रत्येकात कोणी किती दिले, कोणाचे किती येणे राहिले, याचा हिशेब आहे. ते सारे जवळ ठेवून वाचले, तरच पंतांचे औदार्य आणि महाराचे ऋण या दोहोंची नोंद बरोबर लागते.